गळ्यातलं चुंबक

चुंबकसरांनी पट्टा पेटीतून काढला आणि स्टीलच्या ट्रेवर ठेवायला गेले, तर ठेवण्याआधीच तो ट्रेनं ओढून घेतला. खट्ट. शेजारची कात्री गर्रकन फिरून पट्ट्याला चिकटली, तिच्यामागून चिमटा गेला, आणि ट्रे धरून उभ्या असलेल्या मशीनवाल्या बाईंच्या केसांतली पिनही त्या दिशेनं वळली, असं तिथं जमलेल्यांपैकी निदान चौघे आजही शपथेवर सांगतील.

“अहो सर, माझा ट्रे द्या परत,” बाई म्हणाल्या.

“घ्या की. मी कुठे धरलाय?” सर म्हणाले. आवाज घोगरा झाला होता, पण विनोदाची वेळ चुकली नव्हती.

पट्टशिष्य पुढे झाला आणि त्यानं दोन्ही हातांनी पट्टा ओढला. हा पट्टशिष्य म्हणजे या किरणोपचार विभागाचा प्रमुख. रोगी त्याला मोठे डॉक्टर म्हणत, पण सर समोर आले की त्याचे खांदे आपोआप विद्यार्थ्याचे व्हायचे. पट्टा सुटला तसा तो मागे फेकला गेला आणि शिष्यांच्या रांगेवर आदळला. रांगेनं टाळ्या वाजवल्या.

रांग जमली होती ती सरांच्या पहिल्या उपचाराला. सरांच्या आवाजाच्या पेटीत गाठ निघाली होती. लहान होती, लवकर सापडली होती, आणि पट्टशिष्यानं स्वतः सांगितलं होतं की या गाठीचे शंभरातले नव्वद रोगी खडखडीत बरे होतात. करायचं एवढंच, की काही आठवडे रोज येऊन मशीनखाली निजायचं. मशीन आधी गळ्याच्या उजवीकडून किरण सोडणार, मग डावीकडून. आत जाताना लोक कानातलं काढायचे, साखळी काढायचे, एक म्हातारा तर कवळीसुद्धा काढून बाईंच्या हातात द्यायचा. सर मात्र गळ्याच्या डाव्या बाजूला तळहाताएवढी जाड चुंबकाची पाटी बांधून आत जाणार होते. कारण त्यांचा सिद्धांतच तसा होता.

सिद्धांत शेंबड्या पोरालाही समजावा असा होता, आणि हेच त्याचं मोठेपण. किरण शरीरातून जातात तेव्हा निरोगी पेशीही जळतात आणि रोगटही. पण जवळ चुंबक असलं की निरोगी पेशी सावध होतात, शिस्तीत उभ्या राहतात आणि वाचतात. रोगट पेशी जन्माच्याच बेशिस्त, त्या मरतात. व्याख्यानात हे सांगताना सर छाती काढून उभे राहायचे, ती निरोगी पेशी. मग खांदे पाडून जीभ बाहेर काढायचे, ती रोगट. सभागृह लोटपोट व्हायचं. हसून झाल्यावर शंका विचारायला कुणाच्या अंगात त्राण उरत नसे.

पुरावा उंदरांचा होता. निम्म्या उंदरांच्या गळ्यात चुंबकाच्या चकत्या, निम्म्यांच्या गळ्यात तशाच दिसणाऱ्या लाकडाच्या, आणि दोन्हींवर एकच करडा रंग. प्रयोगशाळेत त्यांना ‘खरं’ आणि ‘खोटं’ म्हणायची पद्धत होती. प्रत्येक खऱ्याला एक खोटं जुळं. किरण दिले की खोटंवाले उंदीर आधी मरायचे आणि खरंवाले सावकाश. उंदरांना यातलं काही सांगितलं जात नसे.

एकदाच एका शिष्यानं हात वर केला होता.

“सर, खोटं लाकडाऐवजी साध्या लोखंडाचं केलं तर? चुंबक नसलेलं लोखंड. म्हणजे कळेल, उंदीर चुंबकानं वाचतो, की मध्ये लोखंड आडवं येऊन किरणच कमी पोचतात.”

सर म्हणाले, “ह्याला छत्री द्या रे कुणीतरी. ह्याला जिथे तिथे सावलीच दिसते.”

त्या हशात तो जो वाहून गेला, तो पुन्हा कुठल्या प्रयोगशाळेच्या किनाऱ्याला लागला नाही. सध्या कुठेतरी चष्मे विकतो म्हणतात. त्याला पडलेलं शंकासूर हे नाव मात्र मागे राहिलं, आणि नव्या शिष्यांना भीती घालायला उपयोगी पडलं.

उंदरांनंतर सरांनी या प्रयोगात एकच माणूस घेतलं, आणि ते घरातलं होतं. बायकोच्या मानेत गाठ निघाली तेव्हा त्यांनी हा पट्टा करवून घेतला. डावीकडे चुंबक, उजवी बाजू मोकळी, तुलनेसाठी. तिची उजवी बाजू तव्यासारखी काळवंडली आणि डावी होती तशी गोरी राहिली. सरांनी फोटो काढला. तो फोटो त्यांच्याबरोबर इतक्या व्याख्यानांना गेला की बायकोला आयुष्यात घडला नाही एवढा प्रवास तिच्या मानेला घडला. वर्षाच्या आत गाठ परत आली. डावीकडेच. सर म्हणाले, नशीब. फोटो आधीच काढून झालेला असल्यामुळे त्यात ते नशीब आलं नाही.

आज तोच पट्टा पेटीत घालून त्यांची मुलगी आली होती. तिला सगळे ताई म्हणत. ताई कवळ्या करायची. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे आणि तिच्या बाकावरून दात जायचे. रंग असे जुळवायची की माणूस स्वतःचा उरलेला दात विसरून तिचाच खरा समजायचा. आईची शेवटची दुखणी तिनंच काढली होती. चुंबकावर तिचाही विश्वास होता. बाप शास्त्रज्ञ असला की घरात वेगळं शास्त्र शिकावं लागत नाही.

तिनं पट्टा सरांच्या गळ्याभोवती घेतला आणि मानेमागचा खटका लावला.

“शाबास,” सर म्हणाले. “आईला लावायचीस तसाच. पाटी डावीकडे, बरोब्बर.”

शिष्यांनी फोटो काढले. मग सरांनी मशीनखाली अंग टाकलं, जाड दार सरकत मिटलं आणि रांग चहाला पांगली. आत रोग्याशिवाय कुणी थांबायचं नसतं. बाहेर बाईंच्या टेबलावर एक लहान पडदा होता, त्यात आतलं दिसायचं, आणि एक स्पीकर होता. रोग्याला काही झालं तर त्यानं आवाज द्यायचा. पडद्यासमोर बाई आणि ताई दोघीच उरल्या.

पडद्यावर सर निजले होते. त्यांनी दाराकडे पाहिलं. मग उजवा हात मानेमागे नेला, खटका उघडला, पट्टा गळ्यातून काढला आणि चादरीखाली, पार गुडघ्यांपाशी सरकवून दिला. डोकं पुन्हा होतं तिथे ठेवलं.

“करा चालू, बाई,” स्पीकरमधून घोगरा आवाज आला.

बाईंनी बटण दाबलं. काही वेळानं दार उघडायची घंटा झाली, तेव्हा दाराची फट हाताएवढी होईपर्यंत पट्टा सरांच्या गळ्यात परत बसलेला होता. एवढ्या वयात एवढी चपळाई कुणी पाहिली नसेल.

“मला वाटलंच होतं,” बाई पडद्याकडे बघत पुटपुटल्या. “स्वतःची मान आली की सगळे शहाणे होतात. तुमच्या आईंनी मात्र एकदाही काढला नाही हो.”

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

ताईनं पडद्यावर बोट ठेवलं आणि धूळ पुसावी तसं सरांच्या आकृतीवरून फिरवलं. तिला छत्रीचा विनोद आठवत होता. सभागृहात त्या दिवशी पहिल्या रांगेत ती आईशेजारी बसली होती, आणि आपण किती हसलो होतो तेही तिला आठवत होतं.

“बाई,” ती म्हणाली, “हा पट्टा मी घरी नेते. खटका सैल झालाय.”

कवळ्यांच्या बाकावर तिनं दिवा लावला आणि पट्टा दिव्यासमोर धरला. समोर ओळीनं ठेवलेल्या प्लॅस्टरच्या जबड्यांवर काळी सावली पडली. पट्टा बाजूला केला की जबडे उजळायचे, मध्ये आणला की विझायचे. बराच वेळ ती तेवढंच करत राहिली. मग तिनं प्लॅस्टर कालवलं, पाटीचा साचा घेतला, आणि त्यात हिरड्यांसाठी वापरायचं गुलाबी अ‍ॅक्रिलिक ओतलं. वर करडा रंग दिला. कडेला एक ओरखडा होता, तोही उठवला. वजनाची अडचण होती. पण किरण दोन्ही बाजूंनी येतात, मानेमागून येत नाहीत. मानेमागच्या पट्टीत तिनं शिसं भरलं. खटक्याच्या जागी बारीक स्क्रू बसवला, आणि जुळ्यांत फरक नको म्हणून खऱ्या पट्ट्यालाही तसाच.

खऱ्या चुंबकाला त्याचं खोटं जुळं मिळालं. रीतीप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी रांग पुन्हा जमली होती.

“बाबा, खटका काल निसटला असता तर पंचाईत होती,” ताई म्हणाली. “मी स्क्रू करून आणलाय.”

सरांचा हात आपसूक मानेमागे गेला. “स्क्रू?”

“ताई, काय डोकं लावलंत!” पट्टशिष्य म्हणाला. “चुंबक तसूभरही हलायला नको.”

ताईनं प्लॅस्टिकच्या डब्यातून पट्टा काढला तो थेट गळ्यात घातला, आणि स्क्रू-ड्रायव्हर शेवटपर्यंत फिरवला. सरांनी मान डावीकडे वळवून पाहिली, उजवीकडे वळवून पाहिली. मग मुलीकडे पाहिलं. ती पट्ट्यावरची बोटं रुमालाला पुसत होती.

“काढायचा झाला तर सांगा, बाबा. मी बाहेरच आहे. आवाज द्या.”

“काढायचा कशाला?” सर रांगेकडे बघून म्हणाले. रांग हसली.

दार मिटलं. पडद्यावर सरांचे दोन्ही हात मानेमागे गेले. बोटं चाचपत राहिली, थांबली, पुन्हा चाचपू लागली.

“ताई, हलतायत ते. थांबू का?”

“हातानं सांगायचं नसतं ना, बाई? आवाज दिला तर थांबा.”

बाई थांबून राहिल्या. आवाज आला नाही. हात हळूहळू खाली आले, छातीवर जुळले. बाईंनी बटण दाबलं. उपचार झाल्यावर पट्टा उचलून ठेवायला त्या पुढे झाल्या, तर पाटी बोटात पिसासारखी आली आणि मागची पट्टी लोंबली. त्यांनी ती नखानं वाजवून पाहिली. मग ताईकडे पाहिलं.

“हे हो काय?”

“कवळी,” ताई म्हणाली.

बाईंनी तोंडाला पदर लावला. त्या दिवसापासून पट्टा उचलायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही, आणि पट्टा फार जड असल्यासारखं दर वेळी कण्हायलाही विसरल्या नाहीत.

सर रोज येत. रोज रांगेला एखादा विनोद सांगत, रोज ताई स्क्रू आवळी, रोज बोटं मानेमागे जात आणि रिकामी खाली येत. शंभरातले नव्वद बरे होतात. पण बरे होणाऱ्यांच्या गाठीवर कुणी झाकण ठेवलेलं नसतं, हे त्या विभागात सरांइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. ते झरझर वाळले. शिष्य म्हणायचे, किरणांनी माणूस वाळतोच. वजन घटलं तरी सरांच्या चेहऱ्यावरचं तेज बघा.

एका संध्याकाळी घरी टेबलावर समोरासमोर बसले असताना सरांनी पातळ खाण्याचा वाडगा बाजूला सारला.

“तो स्क्रू जरा टोचतो गं.”

“आईलाही खटका टोचायचा. तुम्ही म्हणायचात, सवय होईल.”

“तसं नाही. वाढत्या वयात कातडी नाजूक होते.”

ताईनं चमचा खाली ठेवला. “काढून टाकू या मग? उद्या सगळ्यांना सांगते मी. बाबांना पट्टा नकोय म्हणून.”

“सगळ्यांना कशाला?”

“मग कुणाला सांगू?”

सर वाडग्याकडे बघत राहिले. तिनं वाट पाहिली. घड्याळ चालू होतं, नळ ठिबकत होता, शेजारी कुणाचं तरी मूल पाढे म्हणत होतं. एक वाक्य पुरलं असतं. तेही चारचौघांत नाही, इथं, या टेबलावर. मला माहीत होतं, एवढंच. ते ऐकलं असतं तर तिनं तिथल्या तिथे आपली कवळी कबूल केली असती. तिनं दोन्ही हात मांडीखाली घेतले होते.

“मीठ कमी आहे ह्यात,” सर म्हणाले.

ताईनं मीठ पुढे केलं.

उपचार निम्म्यावर आला आणि एका सकाळी न्हाणीघरातून सरांचं गुणगुणणं ऐकू आलं. घोगरं, बेसूर, पण गाणंच. ताई चहा ओतता ओतता थबकली. सर बाहेर आले तेव्हा गळा आरशासमोर चोळून चोळून लाल केल्यासारखा दिसत होता. नाही, चोळून नाही. उजवी बाजू गेले काही दिवस लाल होत होतीच; आता डावीही तेवढीच लाल झाली होती, जोडलेल्या दोन टाक्यांतल्या पाण्याची पातळी जुळावी तशी. लोखंडाखाली असं होत नाही. हे त्यांच्या बायकोच्या मानेनं गावोगाव जाऊन सिद्ध केलं होतं.

सर मुलीकडे बघून हसले. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते.

“पोरी,” ते म्हणाले, “तू...”

“काही बोलायचंय, बाबा?”

“बोलायचंय. पण इथं नाही. सगळ्यांसमोर बोलणार आहे मी आज.”

ताई खुर्चीवर बसली. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिनं पुसलं नाही. निघताना तिनं कपाट उघडलं आणि खरं चुंबक पेटीसकट पर्समध्ये टाकलं. सगळ्यांसमोर बोलायचं तर दोन्ही जुळी शेजारी शेजारी दाखवायला लागतील. बाबांना तेवढीच मदत.

विभागात सरांनी निरोप पाठवून होते नव्हते तेवढे शिष्य गोळा केले होते. पट्टशिष्य कॅमेरा घेऊन उभा होता. सर मशीनखालच्या टेबलाच्या कडेला बसले, घसा खाकरले.

“मित्रांनो, आज मला एक चोरी उघड करायची आहे.”

रांग हसायच्या तयारीत होती. सरांनी डब्यातला पट्टा उचलून वर धरला. मग पुढे वाकून मशीनवाल्या बाईंच्या केसांतली पिन खुशाल काढून घेतली आणि पाटीला लावली. पिन टण्णकन फरशीवर पडली.

“पडली!” सर ओरडले. “खोटं आहे हे! माझ्या पोटच्या पोरीनं बापाला खोटं चुंबक घातलं!”

रांगेतून हाय हाय झालं. ताई उभी होती ती तशीच उभी राहिली. अजून पुढचं वाक्य यायचं होतं.

“अंहं, रागावू नका तिच्यावर. अडाणी पोर, कवळ्या करणारी. पण तिनं नकळत जगातला सगळ्यांत देखणा प्रयोग करून दाखवलाय. बघा ही डावी बाजू! जळली! खऱ्याखाली जळली नव्हती, खोट्याखाली जळली. उंदीर राहू द्या बाजूला, आता माणसाचाच पुरावा आहे. काढा फोटो. हिच्या आईच्या मानेशेजारी माझी मान लावा. खरं आणि खोटं. एका घरातली जोडी!”

टाळ्यांनी खिडकीच्या काचा थरथरल्या.

“आईचा फोटो?” ताई म्हणाली.

“मग! इतक्या दिवसांनी तिचं चीज झालं बघ,” सर म्हणाले, आणि कॅमेऱ्याला नीट दिसावी म्हणून त्यांनी हनुवटी वर केली.

टाळ्या ओसरेपर्यंत ताई थांबली. मग तिनं पर्स उघडली, पेटी काढली, आणि पेटीतलं ट्रेवर ठेवलं. खट्ट. कात्री गर्रकन फिरली.

“चुकलंच माझं, बाबा,” ती म्हणाली. “खरं हे. अजून निम्मा उपचार राहिलाय. आजपासून हेच लावू.”

सरांची हनुवटी वर होती ती खाली यायला वेळ लागला.

“आता मध्येच...” ते म्हणाले. “मध्येच बदल करणं प्रयोगाच्या शिस्तीत बसत नाही.”

“प्रयोगाचं काय घेऊन बसलात, सर!” पट्टशिष्यानं कॅमेरा दुसऱ्याच्या हातात दिला. “तुम्ही जळताय इथं! आमच्या डोळ्यांदेखत जळताय, आणि आम्ही बघत राहू? आता एक दिवसही नाही.”

“अरे, पण माझं ऐका...”

“सगळं ऐकत आलो तुमचं. आज आमचं ऐकायचं.”

त्यानं जोर लावून चुंबक ट्रेवरून सोडवलं. दोघा शिष्यांनी सरांचं डोकं तान्ह्या बाळासारखं हातांत धरलं. आणखी एकानं खांदे धरले, हळुवार. पाटी डावीकडे बसली.

“ताई, तो स्क्रू?”

“हा घ्या.”

पट्टशिष्यानं स्क्रू-ड्रायव्हर शेवटपर्यंत फिरवला, आणि प्रेमानं आणखी अर्धा वळसा दिला. शिष्यांनी सरांना मशीनखाली निजवलं, आणि स्क्रू-ड्रायव्हर ताईच्या हातात परत आला. सरांनी मान वळवता येईल तेवढी वळवली.

“बेटा,” ते म्हणाले.

“काय बाबा?”

ती जवळ आली. कॅमेरा धरलेल्यानं डोळा मिटला होता. सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग रांगेकडे, मग कॅमेऱ्याच्या काचेकडे.

“जरा घट्ट झालंय.”

ताईनं त्यांची चादर सारखी केली. “सवय होईल.”

दार सरकत मिटलं. आज चहाला कुणी गेलं नाही; सगळे पडद्याभोवती दाटीनं उभे राहिले. पडद्यावर सरांचे हात मानेमागे गेले.

मशीनवाल्या बाईंचा अंगठा बटणावर होता. त्यांनी मान वर केली. “ताई, थांबू का?”

“आवाज दिला तर थांबा.”

बाईंनी स्पीकरचा आवाज होता तेवढा मोठा केला. खोलीभर श्वास ऐकू येऊ लागला, आणि श्वासाच्या मागे बारीक करकर. नख स्क्रूवरून घसरत होतं, परत लागत होतं, घसरत होतं. ताईची मूठ स्क्रू-ड्रायव्हरवर होती आणि ती पडद्याच्या अगदी जवळ उभी होती, कान पुढे करून.

करकर थांबली. सरांचे हात खाली आले आणि छातीवर जुळले.

“बघा,” पट्टशिष्य गदगदून म्हणाला. “एक शब्द नाही.”